भाड्याच्या फ्लॅटसाठी वायरलेस नेट आणि राउटर: आधी खिडकीत मोजा, मग पैसे भरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर तुमचा भाड्याचा टू बीएचके आहे. पुण्यातल्या कंपनीचे काम तुम्ही घरून करता, दिवसभर व्हिडिओ मीटिंगा असतात. मुलगा दहावीला आहे आणि संध्याकाळी सासूबाईंना टीव्हीवर मालिका लागतात. केबलवाल्याचे फायबर रस्ता खोदला की तुटते आणि जोडायला दोन-दोन दिवस लागतात. महिन्याला सातशेच्या आसपास खर्च बसवायचा आहे. एअरफायबर (टॉवरवरून येणारे वायरलेस नेट) घ्यावे की सिम घालायचा राउटर, आणि बाराशे रुपयांचा चार अँटेनांचा राउटर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नाशिकमध्ये घरे, दुकाने आणि लहान ऑफिसांचे नेटवर्क बसवतो. 'नेट स्लो आहे' एवढीच तक्रार घेऊन लोक येतात, पण त्या तक्रारीत दोन वेगळ्या अडचणी मिसळलेल्या असतात. टॉवर किंवा खांबापासून घरातल्या डब्यापर्यंत नेट नीट येत नाही, ही एक. डब्यापासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत वायफाय नीट पोहोचत नाही, ही दुसरी. कंपनी बदलून दुसरी सुटत नाही आणि राउटर बदलून पहिली सुटत नाही. कोणती कंपनी चांगली, हे म्हणूनच मी शेवटी ठरवतो.

सध्याचे फायबर चालू असेल तेव्हा एक गोष्ट करून पाहा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचे वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढून तोच लॅपटॉप तुम्ही जिथे कामाला बसता त्या खोलीत न्या आणि वायफायवर पुन्हा टेस्ट घ्या. केबलवर ५० एमबीपीएस (हे नेटच्या स्पीडचे माप) आणि बेडरूममध्ये ८ आले, तर घरातल्या घरातच मोठी अडचण आहे आणि नवे कनेक्शन घेतले तरी ती तशीच राहील. दोन्हीकडे ८ आले तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा.

स्पीड नेमका किती लागतो हेही आधी बघू, कारण इथेच लोक नको तेवढे पैसे भरतात. एका व्हिडिओ मीटिंगला जाताना-येताना तीन-चार एमबीपीएस पुष्कळ होतात. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगते. तुमची मीटिंग, मुलाचा क्लास, सासूबाईंचा टीव्ही आणि दोन-तीन फोन एकाच वेळी चालले तरी बेरीज वीसच्या आसपास येते. ३० एमबीपीएसचा पॅक खरोखर ३० देत असेल तर तुमचे घर त्यावर चालते. फरक पडतो तो मोठी फाइल उतरवताना: एक जीबीला साधारण साडेचार मिनिटे लागतील. रोज मोठ्या फाइली नसतील तर १०० च्या पॅकवर खर्च करू नका.

आता वायरलेसकडे येतो. एअरफायबर म्हणजे ५जीच्या टॉवरवरून घरावरच्या एका बाहेरच्या डब्यात येणारे नेट. एअरटेल आणि जिओ या दोघांनी ही सेवा २०२३ मध्ये आणली. ती तुमच्या घरी चालेल का, हे जाहिरातीवरून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून कळत नाही. एकाच मजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये उत्तम आणि डक्टच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये रडतखडत, असे मी इंदिरानगरातही पाहिले आहे आणि सिडकोतही. टॉवर कोणत्या दिशेला आहे, मध्ये दुसरी इमारत आहे का, टॉवरवर संध्याकाळी किती गर्दी असते, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. त्या प्रत्येक घराच्या वेगळ्या असतात.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ज्या कंपनीचे एअरफायबर घ्यायचे आहे तिचे ५जी सिम असलेला फोन मिळवा, घरातला नसेल तर शेजाऱ्यांचा. फोनचे वायफाय बंद करा. प्रत्येक खिडकीत आणि गॅलरीत दोन-दोन मिनिटे उभे राहा, जमल्यास गच्चीवरही जा. अँड्रॉइडमध्ये 'अबाउट फोन'मधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, दिसतो. नेटमॉन्स्टरसारखे मोफत अ‍ॅप टाकले तर जास्त तपशील मिळतो. आकडा उणे असतो: उणे ८५ च्या आसपास असेल तर छान, उणे १०० पर्यंत चालते, उणे ११० च्या खाली गेला तर त्या जागेवर डबा लावण्यात अर्थ नाही. त्याच अ‍ॅपमध्ये एसआयएनआर नावाचा आकडा असतो, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचे माप. तो १५-२० च्या वर असावा. सिग्नल तगडा पण हा आकडा ३-४ असेल तर दोन-तीन टॉवर एकमेकांवर कुरघोडी करत आहेत असे समजा. पाथर्डी फाट्यासारख्या उंच इमारतींच्या भागात असे होते.

फोनवरच्या सिग्नलच्या कांड्यांवर विसंबू नका. ५जीच्या लहरींचे दोन पट्टे (बँड) इथे कामाचे आहेत. ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा, अ‍ॅपमध्ये एन७८ असा दिसतो, रुंद असल्याने भरपूर स्पीड देतो, पण भिंतीतून आत शिरताना दमतो. ७०० मेगाहर्ट्झचा, एन२८, भिंती सहज ओलांडतो पण अरुंद असल्याने स्पीड बेताचा. हा पट्टा २०२२ च्या लिलावात फक्त जिओने घेतला. हॉलमध्ये कांड्या भरलेल्या आणि स्पीड २०, असे दिसले तर फोन बहुधा एन२८ वर आहे. गॅलरीत जाऊन तो एन७८ धरतो का पाहा. धरत असेल तर काळजी नाही, कारण एअरफायबरचा डबा बाहेरच लागणार आहे आणि त्याचा अँटेना फोनपेक्षा कितीतरी सरस असतो.

ही मोजणी दोनदा करा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान. दुपारी २०० आणि रात्री २५ असे आकडे आले तर टॉवरवर गर्दी आहे. फायबरवरही संध्याकाळी ताण येतो, पण ५जीच्या टॉवरवर घरांबरोबर रस्त्यावरचे सगळे मोबाइलही असतात. दोन्ही वेळा अपलोडचा आकडा वेगळा लिहून ठेवा. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणे आणि घेणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते आणि बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. टीव्ही बघणाऱ्याला हे जाणवत नाही, पण तुमचा चेहरा आणि आवाज पुण्याला पोहोचवणारा आकडा अपलोडचा आहे. रात्री तो पाचच्या खाली जात असेल, आणि तुमच्या मीटिंगा परदेशातल्या लोकांशी रात्रीच्या असतील, तर मी हे कनेक्शन घेऊ नका म्हणेन.

'पावसात चालेल का?' हे सगळेच विचारतात. ३.५ गिगाहर्ट्झवर, एक-दीड किलोमीटरच्या अंतरात, पावसाच्या थेंबांनी फारसे बिघडत नाही. त्याहून फार वरच्या, २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मात्र बिघडते. नाशिकच्या पावसाळ्यात नेट जाते ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी: वीज जाते, जून-जुलैत समोरच्या झाडाचा पाला दाट होऊन सिग्नलच्या वाटेत येतो, किंवा कनेक्टरमध्ये पाणी जाते. काही इमारतींना टॉवरच्या ५जीऐवजी जवळच्या गच्चीवरच्या रेडिओतून विनापरवाना ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नेट देतात. तिथे डब्याला समोरचा रेडिओ सरळ दिसावा लागतो. तुमच्याकडे यांपैकी काय लावणार आहेत, हे बसवायला आलेल्या माणसाला विचारा. दुसरा प्रकार असेल तर मध्ये झाड किंवा चालू बांधकाम नाही ना, हे स्वतः गच्चीवर जाऊन बघा.

डबा बसवताना घरी थांबा. उन्हापावसात टिकणारी काळ्या आवरणाची बाहेरची केबल वापरली आहे का बघा. पांढरी किंवा राखाडी घरगुती केबल नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर तडकते. ही केबल डब्याला नेट आणि वीज दोन्ही पुरवते, म्हणून तार अस्सल तांब्याची हवी. कापलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने हलकी खरवडा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. पाच-सात मीटरला ती चालून जाईल, पण गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत आणायची असेल तर वीज वाटेतच कमी पडते आणि डबा अधूनमधून आपोआप बंद-चालू होत राहतो. लोकांना वाटते टॉवर खराब आहे. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यायला सांगा, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून जाते, कनेक्टरपर्यंत जात नाही. खिडकीच्या चौकटीतून घरात घेतानाही तसाच वळसा हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की आतल्या अ‍ॅडॅप्टरमधून ती केबल काढून ठेवा.

गॅलरीच्या ग्रिलवर एन७८ चांगला येत असेल तर गच्चीच्या भानगडीत पडूच नका. गच्चीसाठी घरमालकाला विचारा, मग सोसायटीला विचारा, आणि पुढे वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोणीतरी डबा हलवणार हे धरून चाला.

पैशांचे गणित. जाहिरातीत ५९९ दिसले तर १८ टक्के जीएसटी धरून बिल ७०७ होते. ३९९ चा फायबर पॅक ४७१ ला पडतो. त्यावर वायरलेसला बसवण्याचा खर्च वेगळा, आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर तो माफ, अशी ऑफर बहुधा असते. तुमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असणार. मालकाने नूतनीकरण केले नाही तर नव्या घराच्या खिडकीत त्या कंपनीचा सिग्नल असेलच असे नाही. म्हणून पहिल्यांदा एक महिना किंवा फार तर तीन महिने भरा. बसवण्याचे हजारेक रुपये गेले तरी वर्षभर अडकण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

'अनलिमिटेड' या शब्दापुढची अटही वाचा. फायबरवर महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा सर्रास दिसते, एअरफायबरवर बहुधा १,००० जीबीची. ती ओलांडली की स्पीड अगदी कमी होतो. फुल एचडी टीव्ही तासाला साधारण ३ जीबी खातो. रोज चार तास धरले तर महिन्याला ३६० जीबी. तुमच्या मीटिंगा, क्लास आणि फोन मिळून आणखी दोन-अडीचशे. म्हणजे पुरते. पण टीव्ही फोर-केवर ठेवला तर तासाला ७ जीबीपर्यंत जातात आणि तेच चार तास ८४० वर पोहोचतात. नवीन टीव्ही असेल तर अ‍ॅपमध्ये दर्जा फुल एचडीवर बांधून ठेवा.

याच हिशेबामुळे सिम घालायचा राउटर तुमच्यासाठी मी बाद करतो. रोज दोन-तीन जीबीचा पॅक तुमच्या मीटिंगांतच दुपारपर्यंत संपेल, आणि फोनवर मिळणारे अमर्याद ५जी राउटरमध्ये चालेलच याची खात्री नसते. असे राउटर गिरणारे, मखमलाबाद किंवा दिंडोरीकडच्या मळ्यातल्या घरांना उपयोगी आहेत, जिथे फायबर नाही आणि वापर बेताचा आहे. पंचवटी, रामकुंड, तपोवन भागातल्या वाचकांनी मात्र एक लक्षात घ्यावे: २०२७ च्या सिंहस्थात तिथले टॉवर गर्दीने भरलेले असणार. घरून काम असेल तर त्या भागात तारेचे कनेक्शन सोडू नका.

माझे मत विचाराल तर असे: तुमच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीचे फायबर, वेगळ्या खांबावरून किंवा वेगळ्या रस्त्याने येणारे, मिळत असेल तर तेच पहिले घ्या. ते स्वस्त पडते आणि अपलोड भरवशाचा मिळतो. दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतील तर एका खोदाईत दोन्ही तुटतील, म्हणून घेण्याआधी वॉचमनला किंवा लाइनमनला विचारून केबल कुठून येते ते डोळ्यांनी बघा. तसे फायबर नसेल आणि खिडकीतले आकडे वर सांगितल्याप्रमाणे असतील तर ३० एमबीपीएसचे एअरफायबर निर्धास्त घ्या. आणि कोणतेही घेतले तरी एका फोनवर दुसऱ्या कंपनीचे ५जी सिम ठेवा. नेट गेलेल्या दिवशी हॉटस्पॉटवर मीटिंग निभावते.

आता राउटर. बाराशे रुपयांचा तो राउटर आत्ता घेऊ नका. एअरफायबर असो की फायबर, कंपनी स्वतःचा राउटर देतेच. महिनाभर त्यावर काढा, मग ठरवा. खोक्यावर स्पीडचा आकडा '१२००' असतो तो वायफायच्या दोन पट्ट्यांची बेरीज, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७. एका फोनला कधीच १२०० मिळत नाहीत. अँटेना चार आहेत की दोन, यावरून पल्ला ठरत नाही, कारण किती ताकदीने लहरी सोडायच्या यावर सरकारी मर्यादा आहे. खोक्याच्या मागे पोर्टचा, म्हणजे लॅन केबल लावायच्या खाचेचा, तपशील वाचा. '१०/१००' लिहिले असेल तर तारेतून शंभराच्या वर काही येणार नाही, मग पुढे वायफाय कितीही वेगवान असो. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही '१२००' चे आहेत, पण पहिल्याला १०० चे पोर्ट आणि दुसऱ्याला गिगाबिट, म्हणजे १००० चे. ३० च्या पॅकला पहिलाही पुरतो, पण राउटर पाच-सहा वर्षे वापरला जातो, म्हणून विकत घ्यायचाच तर गिगाबिट पोर्टचा आणि जमल्यास वायफाय ६ चा घ्या.

त्याआधी असलेल्या राउटरची जागा बदला. आपल्याकडे तो टीव्हीच्या पॅनेलमागे किंवा कपाटात कोंबलेला असतो, कारण तार तिथे निघते. टू बीएचकेमध्ये पॅसेजच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. पाच-दहा मीटर लॅन केबल जास्त लागेल, पण बेडरूममधला आकडा दुप्पट झालेला मी कित्येकदा पाहिला आहे. फ्रिज, आरसा लावलेले कपाट आणि स्टीलची टाकी यांच्या आड तो नको. वायफायच्या यादीत राउटरची दोन नावे दिसत असतील तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा. २.४ गिगाहर्ट्झ भिंती चांगल्या ओलांडतो, पण इमारतीतले सगळे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात. त्याचे चॅनेल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे दिसेल ते निवडा. एवढे करूनही शेवटची खोली कोरडी राहिली तर भिंतीत लावायचा रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेण्यापेक्षा जुना राउटर लॅन केबलने जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे त्या खोलीत फक्त वायफाय देण्यासाठी, लावा. रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यात स्पीड जवळजवळ निम्मा जातो. हे सगळे चालू असताना राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड (सेटिंग उघडायचा) बदला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा.

विजेचे एक सांगायचे राहिले. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, हजार-दीड हजाराचा मिनी यूपीएस दोन-तीन तास काढतो. घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून दुकानात दाखवा. एअरफायबरच्या बाहेरच्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर मात्र वेगळा असतो आणि त्याचे व्होल्ट बहुधा जास्त असतात. त्याला हा मिनी यूपीएस लावू नका, घरातल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर एअरफायबर घेताना हाही खर्च धरा.

आणि घर सोडताना डबा, राउटर, अ‍ॅडॅप्टर सगळे कंपनीचे असते. काढून नेणाऱ्याकडून डब्याचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि नेताना फोटो काढून ठेवा. डिपॉझिट भरले असेल तर परत मागताना हीच पावती लागते.